वीस लाखांत एक, पण तुमच्या घरात चारांत एक

पत्र : आमची मुलगी अकरा महिन्यांची आहे. नाळ गळून पडल्यावर तिच्या बेंबीतून चार-पाच दिवस रक्त झिरपत राहिले. पट्टी बदलली की थांबल्यासारखे वाटायचे आणि सकाळी झबले पुन्हा ओले असायचे. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या दोनदा केल्या, दोन्ही वेळा सगळे ठीक आले. ती रांगू लागली आणि कपाळावर टेंगूळ आले, ते दुसऱ्या दिवसापासून वाढतच गेले. अखेर एका रक्तविकारतज्ज्ञांनी वेगळी तपासणी करवून घेतली आणि ‘फॅक्टर १३’ या रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या घटकाची तीव्र कमतरता असल्याचे निदान केले. हा विकार वीस लाखांत एखाद्याला होतो, असे ते म्हणाले. मी वाचले तेव्हा कुठे दहा लाखांत एक, तर कुठे तीस लाखांत एक असे आढळले. खरा आकडा कोणता? आमचे लग्न नात्यातले नाही, दोन्ही घराण्यांत कुणाला असा त्रास नाही, मग हे आमच्याच घरी कसे? सासूबाई म्हणतात, रक्त न थांबण्याचा आजार मुलग्यांना होतो, मुलींना नाही. इतका दुर्मीळ आजार एकाच घरात पुन्हा होणार नाही असा धीर सगळे देतात, तो खरा मानावा का? सहा वर्षांच्या मुलाची तपासणी करावी का? माझी जाऊ गरोदर आहे, तिला काय सांगावे?
— एक आई

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांचा क्रम बदलून, ज्याचे उत्तर लांबणीवर टाकणे योग्य नाही त्यापासून आरंभ करतो. पुढच्या बाळाला हा विकार होण्याची शक्यता वीस लाखांत एक नाही. ती चारांत एक आहे. तुम्हाला धीर देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण त्यांच्या बोलण्यावर विसंबून पुढच्या गरोदरपणाचा निर्णय घेऊ नका. विकार जगात किती दुर्मीळ आहे यावरून, ज्या घरात तो एकदा दिसला आहे त्या घराचा अंदाज बांधता येत नाही. हे दोन वेगवेगळे आकडे आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे अनेक घरांत दुसऱ्या बाळाचे निदानही पहिल्याइतकेच उशिरा होते. ते मला फार लागते, कारण पहिल्या वेळी कुणाला माहीत नव्हते. दुसऱ्या वेळी माहीत असते.

हे दोन्ही आकडे येतात कुठून ते पाहू. फॅक्टर १३ तयार करण्याची सूचना देणाऱ्या जनुकाच्या आपल्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. बहुतेक रुग्णांत दोष ज्या जनुकात असतो ते सहाव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. एक प्रत सदोष आणि दुसरी निर्दोष असेल, तर शरीरात हा घटक साधारण निम्मा तयार होतो आणि रोजच्या आयुष्यासाठी तेवढा पुरतो. अशी व्यक्ती वाहक असते. तिला त्रास नसतो, म्हणून तिला स्वतःलाही ते ठाऊक नसते. तुम्ही आणि तुमचे पती दोघेही असेच वाहक आहात. तुमच्याकडून सदोष प्रत जाण्याची शक्यता निम्मी, त्यांच्याकडून जाण्याची शक्यता निम्मी, आणि दोन्ही एकाच बाळाकडे जाण्याची शक्यता चारांत एक. हा हिशेब प्रत्येक गरोदरपणात नव्याने सुरू होतो. एकदा झाले म्हणून पुढची तीन बाळे सुरक्षित, असा त्याचा अर्थ नाही, आणि पुढचे बाळही नक्कीच असेच असेल, असाही नाही.

आता मोठ्या आकड्याकडे येऊ. समाजात साधारण सातशे माणसांमागे एक जण या दोषाचा वाहक आहे असे धरा. एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेल्या जोडप्यात दोघेही वाहक निघण्याची शक्यता सातशे गुणिले सातशे, म्हणजे ४ लाख ९० हजारांत एक इतकी होते. अशा जोडप्याच्या बाळाला विकार होण्याची शक्यता चारांत एक असल्याने त्या संख्येला चाराने गुणायचे. उत्तर १९ लाख ६० हजार येते. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला ‘वीस लाखांत एक’ तो हाच. या गणितातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की रुग्ण वीस लाखांत एक असला तरी वाहक सातशेंत एक असतो. विकार दुर्मीळ आहे, त्याचे मूळ तितके दुर्मीळ नाही. सातशे ही एखाद्या मोठ्या शाळेच्या पटावरची संख्या झाली. म्हणून ‘आमच्याच घरी कसे’ या प्रश्नाचे उत्तर असे आहे, की दोन्ही घराण्यांत सदोष प्रत बहुधा कित्येक पिढ्या कुणालाही न कळता पुढे जात राहिली आणि तुमच्या लग्नात तिची दुसऱ्या सदोष प्रतीशी प्रथमच गाठ पडली. यात तुमच्या खाण्यापिण्याचा, गरोदरपणातील एखाद्या गोष्टीचा किंवा कुणाच्या निष्काळजीपणाचा काडीइतकाही संबंध नाही. पत्रात तुम्ही तसे विचारलेले नाही, तरी हा प्रश्न बहुतेक आयांच्या मनात असतो, म्हणून लिहिले.

सासूबाईंचे म्हणणे हिमोफिलिया या रक्त न थांबण्याच्या अधिक परिचित आजाराच्या बाबतीत बरेचसे बरोबर आहे. हिमोफिलियाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलग्याकडे एक्स गुणसूत्र एकच असल्याने दोष उघडा पडतो. मुलीकडे दुसरे असल्याने तो बहुतेक वेळा झाकला जातो, जरी काही वाहक मुलींनाही जास्त रक्तस्राव होतो. फॅक्टर १३चे जनुक एक्स गुणसूत्रावर नसल्यामुळे या विकारात मुलगा आणि मुलगी यांना सारखीच शक्यता असते. फॅक्टर २, ५, ७ आणि १० यांच्या कमतरतेचेही तसेच आहे.

‘खरा आकडा कोणता’ या प्रश्नावर मात्र थोडे थांबावे लागेल, कारण तुम्ही ऐकलेले-वाचलेले तिन्ही आकडे प्रामाणिकपणे दिलेले आहेत आणि तरी ते वेगळे आहेत. कोणत्याही विकाराचे प्रमाण म्हणजे सापडलेले रुग्ण भागिले लोकसंख्या. लोकसंख्या मोजता येते. रुग्ण सापडणे हे कोण शोधतो आणि कशाने शोधतो यावर ठरते. तुमच्या मुलीचेच उदाहरण घ्या. तिच्या नेहमीच्या तपासण्या दोनदा ठीक आल्या, यात प्रयोगशाळेची चूक नव्हती. पीटी आणि एपीटीटी या तपासण्या रक्ताची गुठळी तयार व्हायला किती सेकंद लागतात एवढेच मोजतात, आणि तिची गुठळी वेळेवरच तयार होते. फॅक्टर १३चे काम त्यानंतर सुरू होते. गुठळी ज्यांची बनते ते फायब्रिन या प्रथिनाचे धागे जमले, की त्यांना एकमेकांशी आडवे जोडून गुठळी टिकाऊ करणे हे ते काम. ते झाले नाही, तर धावदोरा घातलेले पण पक्की टीप न मारलेले कापड जसे पहिल्या ओढीला उसवते, तशी ती गुठळी काही तासांनी सुटते. म्हणूनच बेंबीचे रक्त थांबायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे, आणि म्हणूनच कपाळावरचे टेंगूळ दुसऱ्या दिवशी वाढले.

हा दोष पकडण्याची जुनी तपासणी अगदी साधी आहे. रुग्णाच्या रक्तद्रवाची परीक्षानळीत गुठळी करतात, ती युरियाच्या तीव्र द्रावणात सोडतात आणि चोवीस तास पाहतात. निरोगी माणसाची गुठळी दुसऱ्या दिवशीही नळीत तशीच दिसते. फॅक्टर १३ जवळजवळ शून्य असलेल्याची विरघळून जाते आणि नळीत स्वच्छ द्रव उरतो. मात्र ही तपासणी मुद्दाम सांगून करवून घ्यावी लागते, आणि ज्यांच्या रक्तात हा घटक थोडासा जरी असला त्यांची गुठळी टिकते, म्हणजे मध्यम व सौम्य कमतरता असलेले लोक या गाळणीतून सुटून जातात. त्यांच्यासाठी घटकाचे प्रत्यक्ष प्रमाण मोजावे लागते आणि ती सोय सर्वत्र नसते. हा विकार १९६० साली प्रथम वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला. त्याआधी त्याचे प्रमाण कोणत्याच पुस्तकात नव्हते, रुग्ण मात्र होतेच. उपचार नसलेल्या तीव्र रुग्णांपैकी सुमारे तीस टक्क्यांना कधी ना कधी मेंदूत रक्तस्राव होतो. अशी किती बाळे निदानाआधीच गेली असतील, ती कोणत्याही भागाकारात येत नाहीत. म्हणून अशा आकड्यांकडे मी ‘निदान इतके तरी’ या अर्थाने पाहतो.

शोध वाढला की आकडा कसा बदलतो हे त्यामानाने परिचित विकारांतही दिसले आहे. जगात हिमोफिलियाचे सुमारे चार लाख रुग्ण असावेत असे बरीच वर्षे धरले जात होते. २०१९ साली सहा देशांच्या रुग्णनोंदी तपासून नवा अंदाज प्रसिद्ध झाला आणि तो ११ लाख २५ हजार पुरुषांचा निघाला. त्यांपैकी ४ लाख १८ हजार तीव्र स्वरूपाचे. त्याच अभ्यासात जन्मणाऱ्या दर एक लाख मुलग्यांत हिमोफिलिया ‘ए’ सुमारे २५ जणांना आणि ‘बी’ सुमारे ५ जणांना असतो असे दिसले, परंतु हयात पुरुषांत हीच संख्या अनुक्रमे १७ आणि ४ च्या आसपास होती. जन्मताना इतके आणि हयात त्याहून कमी, यामधल्या तफावतीत अकाली गेलेली माणसे आहेत. कोणताही आकडा वाचताना तो जन्मणाऱ्या बाळांतला आहे की जिवंत लोकसंख्येतला, हे आधी पाहावे. काही विकारांसाठी तिसऱ्याच प्रकारचा आकडा दिला जातो. जन्मजात नसलेला, उतारवयात किंवा बाळंतपणानंतर अचानक उद्भवणारा हिमोफिलिया दर दहा लाख लोकांत वर्षाला सुमारे दीड जणाला होतो. तो दरवर्षी नव्याने होणाऱ्या रुग्णांचा आकडा असल्याने तुमच्या वीस लाखांशेजारी ठेवून त्याची तुलना करता येणार नाही.

व्हॉन विलेब्रँड या रक्तस्रावाच्या आणखी एका विकारात तर फरक शंभर पटींपर्यंत जातो. १९८७ साली इटलीत बाराशेहून थोड्या अधिक शाळकरी मुलांची सरसकट तपासणी झाली, तेव्हा सुमारे ०.८ टक्के मुलांत हा दोष आढळला, म्हणजे जवळजवळ शंभरात एक. रक्तस्रावाच्या तक्रारीमुळे विशेष उपचार केंद्रांत पोहोचलेल्यांचीच गणना केली, तर तोच विकार दहा हजारांत एक ठरतो. त्याचा सर्वांत तीव्र प्रकार दहा लाखांत एखाद्यालाच होतो. तिन्ही आकडे खरे आहेत, कारण तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

रक्त गोठवणाऱ्या इतर घटकांच्या दुर्मीळ कमतरतांचे प्रमाण थोडक्यात सांगतो, कारण नातेवाईक शोधाशोध करतील तेव्हा हे आकडे पुढे येतीलच. फॅक्टर ७ची तीव्र कमतरता यांत त्यातल्या त्यात जास्त आढळते, साधारण पाच लाखांत एक. फॅक्टर ५, फॅक्टर १० आणि फायब्रिनोजेनचा (ज्यापासून फायब्रिन बनते त्या घटकाचा) पूर्ण अभाव हे प्रत्येकी दहा लाखांत एकाच्या घरात आहेत. फॅक्टर २ आणि तुमच्या मुलीचा फॅक्टर १३ हे दोन सर्वांत विरळ, वीस लाखांत एक.

हे सगळे साऱ्या जगाचे सरासरी आकडे आहेत आणि सरासरी प्रत्येक ठिकाणी सारखी पसरलेली नसते. इराणच्या आग्नेय टोकाला सिस्तान-बलुचिस्तान नावाचा प्रांत आहे. त्याची लोकसंख्या पाहता तिथे फॅक्टर १३चे एक-दोन रुग्ण असायला हवेत. प्रत्यक्षात शेकडो नोंदले गेले आहेत आणि त्यांच्यात एकच जनुकीय बदल पुन्हा पुन्हा आढळतो. कधीकाळी एका पूर्वजात झालेला बदल नात्यांतल्या लग्नांमुळे त्याच भागात फिरत राहिला, हे त्याचे कारण. मध्य आणि पूर्व युरोपात मूळ असलेल्या अश्केनाझी ज्यू समाजात फॅक्टर ११च्या कमतरतेचे वाहक सुमारे आठ ते नऊ टक्के आहेत, त्यामुळे इतरत्र दहा लाखांत एक असलेला विकार तिथे दर काहीशे माणसांत एकाला होतो. नात्यातल्या लग्नाचा परिणाम गणितातही मांडता येतो. चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडांचे लग्न असेल, तर फॅक्टर १३च्या कमतरतेची शक्यता वीस लाखांत एकवरून साधारण बावीस हजारांत एकवर येते. तुमचे लग्न नात्यातले नाही, तरी दोन्ही घराणी अनेक पिढ्या एकाच लहान समूहातली असतील, तर वाहकांचे प्रमाण सातशेंत एकापेक्षा जास्त असू शकते. मी पुढे देत असलेले आकडे त्या बेताने घ्यावेत.

तुमच्या मुलाविषयी. तो सहा वर्षांचा झाला, त्याची बेंबी वेळेत सुकली, पडण्या-धडपडण्यातून तो सुखरूप बाहेर आला, म्हणजे त्याला तीव्र कमतरता असण्याची शक्यता फारच थोडी आहे. तरीही तपासणी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ती युरियाची नव्हे, तर घटकाचे प्रमाण मोजणारी करावी. त्याला विकार नाही असे ठरल्यानंतरही तो वाहक असण्याची शक्यता तीनांत दोन इतकी राहते. त्यामुळे त्याच्या खेळण्यावर कोणतेही बंधन घालायचे नाही; पुढे एखादी शस्त्रक्रिया ठरली, तर डॉक्टरांना एवढे सांगून ठेवायचे. त्याची जनुकीय तपासणी आता घाईने करण्याची गरज मला वाटत नाही. तो मोठा झाल्यावर ते त्याने स्वतः ठरवावे.

मुलीची जनुकीय तपासणी मात्र अवश्य करा. तिच्यातला नेमका बदल कळला, की घरातल्या इतर कुणालाही तपासणे सोपे होते आणि पुढच्या गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा अंश घेऊन निदान करता येते. ते करायचे की नाही, आणि केल्यावर काय ठरवायचे, हा तुम्हा दोघांचा प्रश्न आहे. जनुकीय समुपदेशकाशी आधी सविस्तर बोला. गर्भावस्थेत तपासणी करायची नसेल, तर निदान बाळंतपण कुठे व कसे व्हावे, आणि जन्मल्याबरोबर नाळेतले रक्त तपासणीसाठी कसे घ्यावे, याची आखणी आधी करून ठेवावी. असे बाळ पहिल्या आठवड्यातच ओळखले गेले, तर पुढचे बरेच काही टळते.

तुमच्या मुलीच्या दृष्टीने या विकारात एक मोठी अनुकूल गोष्ट आहे. फॅक्टर ७ रक्तात जेमतेम काही तास टिकतो. फॅक्टर १३ नऊ ते चौदा दिवसांत निम्मा होतो, म्हणजे बराच काळ टिकतो. त्यामुळे साधारण चार आठवड्यांनी एकदा त्याचे इंजेक्शन शिरेतून दिले, तर गंभीर रक्तस्राव बहुतांशी रोखता येतो. शुद्ध घटक उपलब्ध नसेल, तर प्लाझ्मा (रक्तद्रव) किंवा त्यापासून वेगळा काढलेला क्रायोप्रेसिपिटेट हा अंश वापरतात. हा प्रतिबंधक उपचार सुरू झाला नसेल, तर डॉक्टरांना त्याविषयी याच आठवड्यात विचारा. मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका लक्षात घेता पुढचे टेंगूळ येण्याची वाट पाहू नये. लस देण्याआधी रक्तविकारतज्ज्ञांशी बोलावे, ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन ही औषधे देऊ नयेत, आणि डोक्याला मार लागला तर ती हसत-खेळत असली तरी थेट रुग्णालय गाठावे, कारण या विकारात रक्तस्राव उशिरा सुरू होतो.

या विकाराचे विरळपण तुम्हाला खरे जाणवेल ते अशा वेळी. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी फॅक्टर १३ची कमतरता असलेला रुग्ण कधी पाहिलेला नसण्याचीच शक्यता अधिक आहे. पीटी, एपीटीटी ठीक आहे, काळजीचे कारण नाही, असे ते अगदी मनापासून सांगतील. तेव्हा निदानाचे नाव, या दोन तपासण्या या विकारात ठीकच येतात हे वाक्य, द्यायचा घटक व त्याची मात्रा आणि तुमच्या तज्ज्ञांचा दूरध्वनी क्रमांक, एवढे एका कागदावर त्यांच्याच सहीने लिहून घ्या. त्याची एक प्रत घरी, एक पिशवीत आणि एक मुलीला सांभाळणाऱ्या प्रत्येकाजवळ असू द्या.

राहिला जाऊबाईंचा प्रश्न. तुमचे पती वाहक आहेत, म्हणून तुमचे दीर वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. जाऊबाई घराण्याच्या नात्यातल्या नसतील, तर त्या वाहक असण्याची शक्यता सातशेंत एक, आणि दोघेही वाहक असले तरच बाळाला चारांत एक. तिन्हींचा गुणाकार छप्पन्नशेंत एक येतो. ही शक्यता इतरांपेक्षा कितीतरी अधिक आहे, तरीही मुळात ती लहान आहे. त्यांना गरोदरपणात भीती घालण्याचे कारण नाही, पण गोष्ट लपवण्याचेही नाही. आधी दिरांची तपासणी व्हावी. ते वाहक नसतील तर विषय तिथेच संपतो. वाहक निघाले, तर जाऊबाईंची तपासणी करावी, आणि त्यांच्या प्रसूतितज्ज्ञांना तुमच्या मुलीच्या अहवालाची प्रत द्यावी. जाऊबाई माहेरकडून तुमच्या किंवा तुमच्या पतींच्या नात्यातल्या असतील, तर हे गणित बदलते. तसे असल्यास दिरांच्या तपासणीसाठी न थांबता त्या दोघांनी आताच एकत्र जनुकीय समुपदेशकांकडे जावे.